आधी पाणी घालणारे हात मोजा, मग वाफे आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ ४२ घरांची कॉलनी, लेआउटमध्ये सोडलेली साधारण ४ गुंठे मोकळी जागा, तिच्यात गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा. नळाला पाणी दिवसातून एकदा, शिवाय एक जुनी बोअर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विषय निघाला, मंडळींना पटला, वर्गणीही जमली. आता लाल मातीचे दोन डंपर सांगायचे का, काय लावायचं, घरटी किती भाजी मिळेल आणि सहा महिन्यांनी किती जण उरतील, हे तुम्हाला हवं आहे.

डंपर सांगू नका. वर्गणी तशीच राहू द्या. ती तुम्हाला एप्रिलात लागेल.

मी नाशिकमध्ये गेली १९ वर्षं हेच काम करते. शाळांची मैदानं, सोसायट्यांच्या गच्च्या, कॉलन्यांमधल्या अशाच मोकळ्या जागा. पहिली मोठी जागा मिळाली तेव्हा आम्ही जूनच्या पहिल्या पावसात १४ वाफे घातले. श्रावणात तिथे बघत राहावं अशी बाग होती. गिलकी, दोडके, काकड्या, कडेने झेंडू. पुढच्या एप्रिलात त्यातले ३ वाफे हिरवे होते आणि बाकीच्यांत भेगा पडल्या होत्या. माती वाईट नव्हती, बियाणं वाईट नव्हतं. आम्ही जागा मोजली होती, माणसं मोजली नव्हती. पावसाळ्यात बाग आपोआप चालते, म्हणून आपल्याला वाटतं की आपण ती चालवतोय.

म्हणून आधी हा हिशेब करा. वाफा ४ फूट रुंद आणि १० फूट लांब धरा. ४ फुटांपेक्षा जास्त रुंद नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. हा वाफा साधारण पावणेचार चौरस मीटरचा होतो. नाशिकच्या मे महिन्यात उघड्या जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी उडतं. १ चौरस मीटरवरचं १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. म्हणजे एका वाफ्याला उन्हाळ्यात रोज २२ ते ३० लिटर, दोन भरलेल्या बादल्या. थंडीत याच्या निम्मं. चांगलं आच्छादन असेल तर उन्हाळ्यातही बरीच बचत होते. आमच्या त्या १४ वाफ्यांना रोज संध्याकाळी ३५०-४०० लिटर पाणी लागत होतं आणि मे महिन्यात निम्मी घरं गावाला गेलेली होती.

४ गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट. निम्मी जागा वाटांना सोडली तरी ५० वाफे बसतील. तुम्ही ६ करा. खरं तर ३ करा आणि दसऱ्यानंतर ६ वर जा. ज्या घरातून रोज संध्याकाळी एक माणूस नक्की खाली उतरेल अशी घरं मोजा, गावाला जाणारी वजा करा. तीन घरांमागे एक वाफा, यापेक्षा जास्त नाही. उरलेल्या जागेचं काय करायचं ते पुढे येतं, ती वाया जात नाही.

त्याआधी जागेच्या कागदांचं. लेआउटची मोकळी जागा म्हणजे तुमची खासगी जमीन नव्हे. मंजूर नकाशा नगररचना विभागात बघा, जागा कोणाच्या नावावर आहे ते उताऱ्यावर बघा, महापालिकेकडे हस्तांतरित झाली असेल तर उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करा. पक्कं बांधकाम करू नका. असलेलं एखादं झाड सावली करतं म्हणून तोडूही नका, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय ते करता येत नाही.

आता ऊन. आत्ता थंडीचे दिवस आहेत, त्यामुळे सावली मोजायला हीच वेळ योग्य आहे. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो, म्हणजे चार मजली, १२ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला ११ मीटरपेक्षा जास्त पडते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर थोडा उत्तरेला सरकतो. उन्हाळ्यात पाहून “इथे भरपूर ऊन आहे” म्हणून आखलेले वाफे नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन मेथी-कोथिंबिरीच्या हंगामात, दिवसभर सावलीत जातात. हे मी निदान चार ठिकाणी पाहिलंय. तेव्हा येत्या रविवारी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता चुन्याने सावलीची कड आखा. टोमॅटो, वांगी, मिरची, वेल यांना निदान ६ तास थेट ऊन हवं. पालेभाज्या ४ तासांवर निभावतात. अळू, पुदिना, गवती चहा अर्धवट सावलीतही खूश असतात. ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाचे श्री. अ. दाभोळकर शेतकऱ्यांना पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडायला लावत. शहरात तो हिशेब जास्तच कडक होतो, कारण ऊन अडवणाऱ्या भिंती आपल्या हातात नसतात.

मातीबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

लाल मातीचं आकर्षण नर्सरीतून आलंय. कुंडीत ती मोकळी राहते, पाणी झिरपतं, दिसायला छान. पण तुमच्या पायाखाली जी काळी माती आहे ती बेसॉल्टची, दख्खनच्या पठाराची माती. हिच्यात चिकणमाती जास्त, त्यामुळे पाणी धरून ठेवायची ताकद लाल मातीपेक्षा कितीतरी जास्त. जिला रोज एकदाच पाणी मिळणार आहे अशा बागेला हीच माती हवी. तिचे दोष दोन: ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. दोन्हींवर औषध एकच, सेंद्रिय पदार्थ. वाळू मिसळून काही होत नाही, उलट थोडी वाळू आणि चिकणमाती मिळून आणखी घट्ट बसतात. धरणातला गाळ आणणार असाल तरी तेच सांगेन. गाळ सुपीक असतो, पण नुसता पसरला तर पहिल्या उन्हात त्याची खपली होते.

आधी पहार आणि फावडं घेऊन पाच ठिकाणी हातभर खोल खड्डे करा. कुठे राडारोडा आहे, कुठे मुरूम, कुठे खरी माती, हे कळेल. बांधकामाच्या जागी सिमेंट-चुन्याचा चुरा असतो आणि तो मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) आणखी वाढवतो. आपली काळी माती मुळातच ७.५ ते ८.५ सामूची, त्यात हा चुना पडला की झाडाला लोह उचलता येत नाही: कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. असं दिसलं की लोक युरिया टाकतात. त्याने काही होत नाही, कारण नत्राची कमतरता नसतेच. राडारोडा निघेल तेवढा काढा, त्याचे मोठे तुकडे वाटांखाली भरा, आणि जिथे तो फार खोल आहे तिथे वाफा खणायच्या भानगडीत न पडता विटांची फूटभर कड करून वर वाफा उभारा. ४ बाय १० चा पाऊण फूट उंच वाफा भरायला ३० घनफूट लागतात, म्हणजे एका ब्रासमध्ये (१०० घनफूट) तीन वाफे आणि वर थोडं उरतं. यातला निम्मा भाग खत-पालापाचोळ्याचा असेल तर माती फार आणावीच लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण महामार्ग जवळ आहे म्हणून सांगते. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ पासून आली. पण शिसं मातीतून जात नाही, जिथे पडलं तिथेच राहतं. रहदारीच्या रस्त्याकडेची पट्टी आणि जुन्या भिंतीचा रंग खरवडून पडलेली जागा, इथे पालेभाज्या आणि मुळा-गाजर-बीट लावू नका. तिथे शेवगा, लिंबू, वेल लावा. फळात शिसं फारच कमी पोचतं. खरा धोका पानांना आणि कंदांना चिकटलेल्या धुळीचा असतो, म्हणून जमीन कधी उघडी ठेवायची नाही आणि भाजी भरपूर पाण्यात धुवायची. माती आणि बोअरचं पाणी तपासायला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. जवळच्या नाल्याचं पाणी मात्र मोफत आहे म्हणून कधीही घेऊ नका.

मातीत हात घालायची वेळ ओळखायला शिका. शेतकरी तिला वाफसा म्हणतात आणि शहरातल्या बागेत हा शब्द कोणी वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं. दोन इंच खालची मूठभर माती घ्या, आवळून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा झालाच नाही तर माती कोरडी आहे. गोळा पडून चपटा बसला तर ओली आहे, आज कुदळ लावायची नाही. पडून तीन-चार ढेकळांत फुटला तर वाफसा आहे. काळी माती वाफसा नसताना एकदा खणली तर तिची ढेकळं तो अख्खा हंगाम फुटत नाहीत. पाचवी-सहावीतली मुलं हे एका दिवसात शिकतात आणि मग मोठ्यांना खणू देत नाहीत.

आता तुमच्या हातात फेब्रुवारी ते मे आहे. या चार महिन्यांत भाजी नाही, फक्त खत. फाल्गुन-चैत्रात कॉलनीतली झाडं पानं टाकतात आणि झाडलोट करणारे ती कोपऱ्यात पेटवून देतात. ती मागून घ्या. गुलमोहर आणि रेन ट्रीची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात, बदामाची मोठी पानं पायांनी चुरून टाकायची, निलगिरी टाळा. दुसरी मोठी खाण म्हणजे रसवंती. उन्हाळ्यात चौकाचौकांत रसवंत्या असतात आणि चिपाडाचं काय करायचं हा त्यांचाच प्रश्न असतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर भाज्या पिकवल्या त्या याच चिपाडाच्या जोरावर. आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून बाग उभी केली. आपल्याकडे तर गच्ची नाही, जमीन आहे.

ढीग ४ फूट लांब, रुंद आणि उंच करा, त्यापेक्षा लहान ढीग तापत नाही. तीन घमेली वाळला पालापाचोळा, एक घमेलं ओला कचरा, वर शेणाचा काला. आजूबाजूच्या गावांत अजून गोठे आहेत, शेण मिळतं. चिपाड वापरलं तर शेण जास्त घाला, त्यात गोडवा असतो पण नत्र नसतं. ओल एवढीच, की आतला भाग मुठीत आवळला तर बोटांतून जेमतेम एखादा थेंब यावा. चार-पाच दिवसांनी ढिगात पहार खुपसा, पाच मिनिटांनी काढून टोकाला हात लावा. हात पटकन मागे घ्यावा लागला तर ढीग ५५-६० अंशांवर आहे, बिया आणि रोगजंतू मरताहेत. दर आठ-दहा दिवसांनी बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. वास आला तर कोरडा पाला कमी पडलाय. शिजवलेलं अन्न, पोळ्या, मांसाचं काही टाकू नका, घुशी येतात, आणि एकदा घुशी आल्या की शेजारचं घर बागेच्या विरोधात जातं, ते बरोबरच आहे.

तयार खत विकत घ्यायची घाई झाली तरी एक परीक्षा करा. एका कुंडीत खत आणि माती अर्धी-अर्धी घेऊन मेथीचे २० दाणे टाका. एकदा मी एका पुरवठादाराकडून ट्रॉलीभर “पक्कं” शेणखत घेतलं, शाळेच्या आठ वाफ्यांत घातलं आणि मुलांनी मेथी पेरली. चौथ्या दिवशी सुरेख उगवली, दहाव्या दिवशी सगळी आडवी. खत कच्चं होतं, जमिनीत जाऊन पुन्हा तापलं. दुसरीतल्या एका मुलीने तिच्या वाफ्याशी बसून एकेक रोप उभं करून बघितलं होतं. तेव्हापासून कुंडीतल्या मेथीला दहा दिवस दिल्याशिवाय मी खत वाफ्यात जाऊ देत नाही.

गाजरगवताचं काम मात्र लगेच. फुलायच्या आत, जमीन ओली करून मुळासकट उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. याने अंगावर खाज आणि पुरळ येतं, दम्याच्या माणसाने तिकडे जाऊच नये. फुलावर आलेलं ढिगात टाकू नका. जी जागा वाफ्यांत येणार नाही तिथे जूनमध्ये ताग दाट पेरा. ताग गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही, आणि सहा-सात आठवड्यांनी फुलं यायच्या सुमारास कापून तिथेच मातीत गाडला की नत्रही मिळतं. ४ गुंठ्यांतली उरलेली जागा अशी दोन पावसाळे कमावली की तिसऱ्या वर्षी तिथे लावलेलं काहीही येतं.

काय लावायचं, हेही तुम्ही विचारलं होतं. प्रामाणिक हिशेब मांडते. एका वाफ्यातून महिन्याला मेथीच्या बाजारातल्यासारख्या आठ-दहा जुड्या मिळतात. सहाही वाफ्यांत मेथी लावली तरी ५०-६० जुड्या, म्हणजे ४२ घरांना महिन्यातून एकदा किंवा जेमतेम दीडदा. नाशिकभोवती गिरणारे-मखमलाबादची भाजी आहे, बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार भरतो, लासलगावचा कांदा दारात येतो. त्यांच्याशी वजनात आपण बरोबरी करायची नाही. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर यांत वाफा अडकवू नका. पातीसाठी कडेला थोडे कांदे खोचा, तेवढं पुरे.

कॉलनीच्या बागेत ते लावावं जे थोडं लागतं पण प्रत्येक घराला रोज लागतं, आणि जे तोडल्यापासून तासाभरात खाण्यात अर्थ आहे. कढीपत्त्याची दोन झाडं मोठी झाली की ४२ घरांना पुरतात. शेवग्याची चार झाडं रस्त्याकडेच्या कुंपणाला लावा. पीकेएम-१ वाण लावला तर सहा-आठ महिन्यांत शेंगा सुरू होतात, रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, नाहीतर शेंगा दुसऱ्या मजल्यावर लागतील. लिंबू एक-दोन. नळाचं पाणी सांडतं तिथे अळू. गवती चहा, पुदिना, ओवा कडेने. या सगळ्यांना वाफा लागत नाही आणि उन्हाळ्यात रोजचं लाडही लागत नाही. वाफ्यांत मग कोथिंबीर, मिरची, पालक, शेपू, आंबट चुका, मेथी, आणि एका वाफ्यावर मांडव करून वेल.

वेळा साधारण अशा. पाऊस लागला की गिलकं, दोडका, काकडी, भेंडी, गवार. काकडीत हिमांगी आणि भेंडीत परभणी क्रांती हे सरळ वाण आहेत, म्हणजे एक चांगलं फळ झाडावरच पिकू देऊन पुढच्या वर्षीचं बी तुम्ही घरचं धरू शकता. संकरित बियाण्याला ते जमत नाही. परभणी क्रांती शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला बऱ्यापैकी टक्कर देते, म्हणून मी तिच्यावर भर देते. नवरात्रापासून माघापर्यंत पालेभाज्या, मुळा, बीट, गाजर, वाटाणा. नाशिकची थंडी पालेभाज्यांना मानवते, मेथी महिन्याभरात कापणीला येते, कोथिंबिरीला थोडे जास्त दिवस लागतात. धने पेरण्याआधी चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन करा, नाहीतर निम्मे उगवत नाहीत. उन्हाळ्यात फक्त दोन वाफे चालू ठेवा, तांदुळजा आणि अंबाडी, वर ५० टक्के सावलीची जाळी. बाकीच्या वाफ्यांवर वीतभर पाला पसरून त्यांना विश्रांती द्या. सुट्टीत गावाला जाणाऱ्या माणसाला अपराधी वाटायचं कारण उरत नाही.

वेलांबद्दल प्रत्येक बागेतून एकच तक्रार येते: “फळ धरतं, बोटाएवढं होतं आणि पिवळं पडून गळतं.” लोक फवारणी विचारतात. बहुतेक वेळा परागीभवनच झालेलं नसतं. दुधी भोपळ्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. उजेड असलेल्या गजबजलेल्या वस्तीत त्यावर येणारे पतंग कमी होतात. मग ते काम आपण करायचं. सहा-साडेसहाला मांडवाखाली जा. ज्या फुलामागे नुसता लांब देठ आहे ते नर, ज्यामागे छोटासा, लव असलेला दुधी आहे ते मादी. नर फूल तोडा, पाकळ्या मागे मुडपा, मधल्या पिवळ्या दांड्यावर बोट फिरवलं की बोटाला पीठ लागतं. तो दांडा मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवा. एक नर दोन-तीन मादींना पुरतो. तीन-चार दिवसांत मागचा दुधी देठाशी खाली वाकायला लागला, की धरला. गिलक्याचं फूल सकाळी उमलतं, ते मधमाश्या करतात. दोडक्याचं पुन्हा संध्याकाळचं. आमच्या सिडकोतल्या एका बागेत हे काम करायला एक आजोबा रोज चष्मा पुसून यायचे, सत्तरी ओलांडलेले, आणि त्या वर्षी त्या मांडवावरून ६१ दुधी उतरले. वहीत नोंद आहे.

किडींबद्दल फार लिहीत नाही. मिश्र लावणी, कडेने झेंडू, पिवळे चिकट सापळे आणि रोज एक फेरी, एवढ्यावर नव्वद टक्के निभावतं. मावा दिसला तर निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळा, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूने फवारा. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं आंबवलेलं पाणी) करायचं तर करा, मंडळी एकत्र येतात हा त्याचा फायदा मोठा आहे, पण कुजलेल्या खताची जागा ते घेत नाही.

पाण्याची टाकी आणि पिंपं नेहमी कापडाने किंवा जाळीने घट्ट झाका. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि कॉलनीत एक डेंगीचा रुग्ण निघाला की बागेकडे बोट जातं. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी साय धरली तर ते पाणी क्षारांचं आहे, ते एकट्याने रोज वापरू नका. आरओचं टाकाऊ पाणीही तसंच, ते फरशीला वापरा.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. चुंचाळे भागातल्या एका बागेत आषाढात आम्ही खुरपणी करून तणाचा ढीग लावला होता. शेजारच्या बांधकामावर कामाला आलेली पेठ तालुक्यातली एक मावशी कुंपणापाशी थांबली. “अवं ताई, ही घोळ हाये, फेकू नका,” म्हणाली आणि आत येऊन बसली. ढिगातून तिने घोळ वेगळी केली, तांदुळजा वेगळा, कुरडूचे कोवळे शेंडे वेगळे. दहा मिनिटांत पदरात दोन वेळची भाजी झाली. निम्मी तिने मला दिली, घोळीत मुगाची डाळ घालायला सांगितलं. आम्ही ज्या वाफ्यांना दिवसाला बादल्या वाहत होतो त्यांच्या मधल्या वाटेवर पाण्याशिवाय ही भाजी उगवत होती. आता प्रत्येक बागेत मी एक वाफा न पेरता ठेवते. त्यात जे येईल ते ओळखायचं, खात्रीचं तेवढंच खायचं. ओळखणारं माणूस शेजारी असल्याशिवाय मात्र एकही रानभाजी तोंडात घालू नका.

आता माणसं टिकतील का. टिकतात, जर कोणाला कशाचा जाब द्यायचा ते आधी ठरलं असेल. खत सगळ्यांचं, वाफे गटांचे. तीन-चार घरांचा एक वाफा, वाफ्यावर पाटी, पाटीवर वारांप्रमाणे नावं. “सगळ्यांनी मिळून” असं ठेवलं की दोन महिन्यांत ते एकाच बाईच्या अंगावर पडतं आणि ती थकली की बाग संपते. तोडणी रविवारी सकाळी आठला, एकत्र, वजनकाटा ठेवून. ज्यांना येणं जमत नाही, म्हणजे आजारी, बाळंतीण, कामाच्या पाळीवर जाणारे, त्यांचा वाटा बाजूला काढायचा, त्याबद्दल बोलायचं नाही. कुंपणाच्या बाहेरच्या कडेला, रहदारीच्या रस्त्याची बाजू सोडून, गवती चहा, कढीपत्ता आणि अळू ठेवा आणि तो कोणीही तोडावा असं स्पष्ट लिहा. जाणारा-येणारा चार पानं घेऊन गेला की आतल्या टोमॅटोंची चोरी जवळजवळ थांबते, हा माझा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे. फाटकाला मात्र आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावा. एका रात्रीत एक गाय सहा वाफे साफ करते.

आणि एक दोनशेपानी वही घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाटकाच्या आतल्या बाजूला टांगा. पहिलं पान या रविवारीच लिहून होईल: पाच खड्डे कुठे केले, प्रत्येकात किती खोल काय निघालं, नऊ-बारा-तीनला सावलीची कड कुठे होती, आणि खाली त्या दिवशी किती जण आले त्यांची नावं. तीनपेक्षा जास्त खड्ड्यांत राडारोडाच निघाला तर मला तेवढं कळवा, मग वाफे कुठे उभारायचे ते मी येऊन बघते.